पथ्य की गोळी? वडिलांनी दोन्ही गोळ्या एका दिवसात सोडल्या, त्यावरून

अमळनेरची लेक:
वडील 62 वर्षांचे, चोपड्याकडे शेती, आठ वर्षांपासून साखर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 7.3. फेब्रुवारीत गावात कोणीतरी सांगितलं, "गोया सोडी दे, पथ्य कर, साखर पयी जाई." वडिलांनी त्याच दिवशी दोन्ही गोळ्या बंद केल्या. भात, साखर, केळी बंद, दोन्ही वेळा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरीत. वजन चार किलो उतरलं, घरात सगळे खूश.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तर वडील रात्री चारदा लघवीला उठत होते. पाय पाहिला. चपलेचा अंगठा लागून झालेली जखम तीन आठवडे तशीच, कडा पांढऱ्या पडलेल्या, आणि त्यांना दुखतही नव्हतं. सरासरी निघाली 10.4. उतरलेलं वजनही पथ्याचं कमी आणि वाढलेल्या साखरेचंच जास्त असणार.

माझं मत स्पष्ट आहे. पथ्य हवंच. पण गोळी कमी करायची ती रिपोर्ट समोर ठेवून, डॉक्टरांना विचारून.

सातपुडा पायथा:
ताई, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. तरी मी सहमत नाही. मला 46व्या वर्षी साखर निघाली. पहिल्याच दिवशी गोळी लिहून मिळाली, जेवणाबद्दल एक शब्द नाही. मी 91 किलोंवरून 76 वर आलो. संध्याकाळी सातला जेवण, चार भाकरींची दीड, आधी वाटीभर मेथी किंवा काकडी, मग वरण-भाजी. आज 14 महिने गोळीशिवाय सरासरी 6.1 आहे. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट अभ्यासात वजन उतरवून 46 टक्के लोकांची साखर वर्षभरात औषधाशिवाय ताब्यात आली. हे लोकांना सांगायचंच नाही का? गोळी घेतली की माणूस निर्धास्त होतो आणि आमरस-पुरी चालूच राहते.

अमळनेरची लेक:
दादा, तुमचं मनापासून अभिनंदन. पण त्या अभ्यासात साखर निघून सहा वर्षांच्या आत असलेले लोक होते, इन्सुलिनवरचे घेतलेच नव्हते. दिवसाला साधारण 850 कॅलरी आणि नियमित देखरेख. दुसऱ्या वर्षी 46 चे 36 टक्के झाले. आठ वर्षं जुन्या साखरेला तोच हिशेब कसा लावायचा?

आणि कळण्याबद्दल. ज्वारी-उडदाची भाकरी मलाही प्रिय आहे, उडदामुळे प्रथिनं वाढतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण ज्वारी काय, गहू काय, 100 ग्रॅम पिठात 65-70 ग्रॅम कर्बोदकं असतातच. वडील कळण्याच्या तीन-तीन भाकऱ्या खात होते, "ही चालते" म्हणून.

यावलकर:
मला राग गोळ्यांचाच आहे. आईची निर्जळा एकादशी. सकाळी नेहमीची ग्लिमेपिराइड घेतली, पोटात काही नाही. अकरा वाजता ओट्यावर बसलेली दिसली, लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, मला नावानं हाक मारेना. शेजारच्या काकूंनी साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. मशीनवर साखर 48, म्हणजे फारच पडलेली. दवाखान्यात न्यायला अजून अर्धा तास गेला असता तर? गोळी लिहून देणाऱ्यानं उपासाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. अशा औषधापेक्षा पथ्य बरं.

भुसावळ मेडिकलवाला:
22 वर्षं काउंटरवर आहे म्हणून सांगतो. भाऊ, तुमच्या आईला झालं ते त्या एका जातीच्या गोळीनं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा की न जेवा. उपास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यावाच लागतो. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून सुटणारी साखर कमी करते, एकटी घेतली तर साखर सहसा इतकी पडत नाही. सगळ्या गोळ्यांना एकाच मापानं मोजू नका.

मेटफॉर्मिनचीही एक गोष्ट लोक विसरतात. वर्षानुवर्षं घेतली की बी-12 उतरू शकतं. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, आधीच कमी असतं. पायाला मुंग्या आल्या की सगळे साखरेलाच दोष देतात. एकदा तपासून घ्या. पोट बिघडतं म्हणून सोडणारेही बरेच असतात. जेवणासोबत घ्या, किंवा हळू विरघळणारी मागा.

डापाग्लिफ्लोझिन अलीकडे खूप लिहितात, 2020 नंतर स्वस्तही झाली. ती साखर लघवीवाटे काढते, सोबत पाणीही जातं. आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात दिवसभर शेतात राहणाऱ्यानं, किंवा उलट्या-जुलाब लागलेल्यानं, ती चालू ठेवायची का हे डॉक्टरांना फोन करून विचारलंच पाहिजे.

सातपुडा पायथा:
हे सगळं डॉक्टरांनी सांगायला हवं, मेडिकलवाल्यानं नव्हे. माझा मुद्दा तोच आहे.

धुळ्याची सून:
पथ्य म्हणता, ते रांधतं कोण? सासऱ्यांची कळण्याची, मुलांच्या पोळ्या, वर लग्नसराईत पंगतीच्या बट्ट्या आणि तुपाची वाटी. "एक मांडा खाईसन काय व्हस" म्हणणारे सगळे नातलगच. आम्ही आता घरात सगळ्यांनाच एक स्वयंपाक केला. तेव्हापासून सासरे चोरून खात नाहीत.

अमळनेरची लेक:
यावलकर, आईंचं वाचून घाबरले. वडीलही हीच गोळी घेत होते आणि चतुर्थीही धरतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांनी मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केली, ग्लिमेपिराइड काढून दुसरी दिली, बी-12 तपासायला सांगितलं, जखमेचं ड्रेसिंग एक दिवसाआड. पथ्य चालू, पण भाकरी दीडच. सातपुडा दादा, तुमचं सातचं जेवण आजपासून धरलंय. तीन महिन्यांनी पुढचा आकडा इथेच लिहीन.