पुस्तक ही कलावस्तू: स्क्रीनच्या काळात हट्ट की गरज?

अक्षरवेडी:
कादंबरी फोनवर वाचली तर काही बिघडत नाही. पण काही पुस्तकांत आकार, घडी, कागद हाच आशय असतो. ती स्क्रीनवर आणली की हाती उरतो फक्त पुस्तकाचा फोटो. चित्रकार सोनिया डेलोने आणि कवी ब्लेझ सांद्रार यांनी १९१३ मध्ये ट्रान्ससायबेरियन रेल्वेप्रवासाच्या कवितेचं घड्यांचं पुस्तक काढलं. उलगडलं की जवळपास २ मीटर लांब! रंग आणि शब्द एकाच वेळी डोळ्यांत भरावेत, हाच त्यामागचा विचार. तेच फोनवर तुकड्यातुकड्यांनी सरकवत बघायचं म्हणजे मूळ कल्पनाच मोडली.

उंबरठा:
पण ते २ मीटर उलगडणार कोण? अशी पुस्तकं काचेआड असतात, हात लावायची सोय नाही. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक आपली पुस्तकं स्वतः छापून हातानं रंगवायचा, त्यामुळे त्याच्या एकाच पुस्तकाच्या दोन प्रती सारख्या नसतात. जगभर विखुरलेल्या त्या प्रती शेजारीशेजारी ठेवून बघणं आज ब्लेक आर्काइव्ह या वेबसाइटमुळे कुणालाही फुकट जमतं. काचेच्या पेटीनं हे कधी दिलं? पुस्तकाला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

जुळारी:
ब्लेकबद्दल सहमत. पण काचेचा दोष पुस्तकाच्या माथी का मारता? अमेरिकन कलाकार एड रुशेनं १९६३ मध्ये पेट्रोलपंपांच्या साध्यासुध्या फोटोंचं पुस्तक काढलं. पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रती, किंमत मुद्दाम कमी, पुढे पुन्हा छापलंही. ते दुर्मिळ करून ठेवलं बाजारानं.

अक्षरवेडी:
अगदी! शिवाय चिनी कलाकार शू बिंग यांचं काम बघा. त्यांनी सुमारे ४००० बनावट चिनी अक्षरं लाकडात कोरली आणि त्यांतून ग्रंथ छापले. चिनी येणाऱ्यालाही त्यातलं एक अक्षर लागत नाही. तरी समास, ओळी, शिवण बघताच हा गंभीर ग्रंथ आहे असं वाटतं. म्हणजे बोलते ती मांडणीच. ई-बुकात वाचकानं अक्षर मोठं केलं की पान नव्यानं जुळतं, मग मांडणी बोलणार कशी?

उंबरठा:
ज्याची नजर अधू आहे, त्याला अक्षर मोठं झाल्यावरच पान वाचता येतं. ही सोय मी कुठल्याही सुंदर मांडणीसाठी सोडणार नाही.

जुळारी:
सोडू नकाच. पण त्या वाचकाला मांडणी नकोच असते, असं का धरायचं? मोठ्या अक्षरातही समास, विराम, पानाचा तोल राखता येतो. बहुतेक ई-बुकांत त्यावर कुणी मेहनतच घेतलेली दिसत नाही.