मदत हवी आहे: कुत्र्याला गोचिडीचा ताप, आळ कोल्ह्यांवर. खरं कसं शोधायचं?

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. मागे सुरूचं बन, पलीकडे पुळण. आमच्या काळूच्या नाकातून रक्त यायला लागलं, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटावर जांभळे ठिपके. रक्त तपासलं तर प्लेटलेट फार खाली आणि एर्लिकिया कॅनिसची (गोचिडीच्या तापाच्या जंतूची) चाचणी पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यायला सांगितलंय. आता तो जेवतोय, औषधाबद्दल प्रश्न नाही.

प्रश्न कोल्ह्यांचा आहे. बनात एक जोडी राहते. कासवांच्या हंगामात अंडी उकरायला पुळणीवर येते, एरवी खेकडे आणि मासळीची घाण खाते. त्यातला एक अगदी हाडकुळा झालाय, तिन्हीसांजेला गडग्यापाशी बसून असतो. दुर्बिणीतून पाहिलं, तर कानाच्या आतल्या कडेला एरंडाच्या बियांसारख्या फुगलेल्या राखाडी गोचिडी. शेजारी म्हणतात, रोग यांनीच आणला, विष घालून मोकळे होऊ. कोणी तर सिंधुदुर्गातल्या माकडतापाचं नाव घेतं. मला हे थांबवायचं आहे, पण नुसतं 'मारू नका' म्हणून कोणी ऐकणार नाही.

युरोपातलं थोडं वाचलं. तिथे रॅकून हा अमेरिकेतला प्राणी बाहेरून आणलेला (जर्मनीत १९३४ साली एडरसे तलावाजवळ सोडला), रॅकून डॉग हा कुत्र्याच्या कुळातला प्राणी पूर्व आशियातला. तिथले लोक तपासतात की या पाहुण्यांत आणि तिथल्या मूळच्या खोकडांत गोचिडीचे कोणते जंतू आहेत. आपल्याकडे कोल्हा मूळचा. मग बाहेरून आलेला कोण, आमचे कुत्रेच ना? रोग कुणाकडून कुणाकडे गेला हे कळतं का? कोल्ह्याला हात न लावता काही तपासता येतं का? घरात लहान मूल आहे, त्याला धोका किती?

पशुवैद्य_चिपळूण:
ताई, आधी माकडताप बाजूला ठेवा. तो विषाणूचा रोग आणि त्याची गोचीड जंगलातली. एर्लिकिया हा जीवाणू. तो पसरवणारी तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यावर जगते आणि भिंतींच्या फटींत, गोठ्याच्या कोपऱ्यात अंडी घालते. एर्लिकिया तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे गोचिडीने आधी लागण झालेल्या जनावराचं रक्त प्यायलेलं असावं लागतं. उपचार न झालेला कुत्रा बरा दिसत असतानाही महिनोन्‌महिने जंतू बाळगतो. त्यामुळे पहिला संशय वाडीतल्या मोकाट कुत्र्यांवर घ्या.

कोल्ह्यालाही लागण होते. इस्रायलमधल्या सोनेरी कोल्ह्यांत याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत. पण प्रतिपिंडं फक्त कधीतरी लागण झाल्याचं सांगतात, कुणाकडून झाली ते नाही. पीसीआरने जंतू आत्ता आहे का ते कळतं. दिशेचा अंदाज बांधायचा तर कुत्रे, कोल्हे आणि दोघांवरच्या गोचिडी, सगळंच तपासायला हवं.

हाडकुळ्या कोल्ह्याजवळ जाऊ नका. खरूज, डिस्टेंपर, रेबीज, काहीही असू शकतं. वनविभागाच्या १९२६ वर कळवा. मेलेला दिसला तरी हात लावू नका, नमुने त्यांच्यामार्फतच. विष घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याने गोठ्यातली एकही गोचीड कमी होत नाही.

मुलाचं म्हणाल तर याच गोचिडीमुळे माणसाला रिकेट्सिया या दुसऱ्या जीवाणूचा ताप येऊ शकतो. तापासोबत अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ दिसलं तर डॉक्टरांना गोचिडींचं आवर्जून सांगा. काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, नखांत चिरडू नका.

धागाकर्ती:
डॉक्टर, खूप आभार. १९२६ वर आजच कळवते. काळूवरच्या गोचिडी स्पिरिटच्या बाटलीत ठेवल्या आहेत, त्या तपासून मिळतील का? आणि कुणाच्या गावात ग्रामपंचायतीने सगळ्या कुत्र्यांना एकदम गोचिडीचं औषध दिलंय का? कसं जमवलं ते लिहा. पुढच्या ग्रामसभेत मांडायचं आहे, विषाची भाषा त्याआधी थांबवायला हवी.