टंकलेखनाच्या खेळात जोडाक्षराचा घाव कसा मोजावा?

प्रश्न (इंदूर): भुयारातल्या राक्षसांशी शब्द टंकून लढण्याचा मराठी खेळ मी रचतो आहे. ‘राक्षस’ या शब्दात अक्षरे तीन दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, मात्र चिन्हे सहा भरतात. माझी भाची ‘क्ष’पाशी अडखळते आणि तेवढ्यात राक्षस तिला गाठतो. घावाचे बळ कशावर ठरवावे?

उत्तर (ग्वाल्हेर): चिन्हांवर नको. इन्स्क्रिप्ट या कळफलक-रचनेत शिफ्टसह 7 दाबला की ‘क्ष’ एकदम उमटतो, त्यामुळे चिन्हांवरून खेळाडूचे कष्ट कळत नाहीत. घाव पूर्ण अक्षरावर बसू द्यावा आणि चूक झाल्यास तेवढेच अक्षर पुन्हा टंकू द्यावे.

उत्तर (बडोदे): सहमत आहे. मात्र ‘कि’ हवा असताना आधी नुसता ‘क’ उमटतो, त्याला चूक धरू नये.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आजच बदल करून भाचीच्या हाती देतो.