साइटेशनला मराठीत काय म्हणावं?

सांगलीकर: आर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातून छापायजोगा दस्तऐवज बनवणाऱ्या साधनात, प्रबंध कसा लिहायचा, याची टिपणं पीएचडीच्या मुलांसाठी मराठीत करतेय. एका वाक्यावर दोन दिवस अडलेय: 'संदर्भ दिला तरच तो संदर्भ संदर्भांत येतो.' मजकुरात ॲट चिन्ह लावून साइट-की, म्हणजे पुस्तकाचं छोटं खूणनाव, लिहायची, पुस्तकाची पूर्ण नोंद बिब फाइलमध्ये असते आणि पॅन्डॉक हा प्रोग्राम दोन्ही जुळवून शेवटची यादी करतं. या तिन्हींना आपण संदर्भच म्हणतो. एका मुलानं 'संदर्भ भरा' वाचून बिब फाइलमध्ये चाळीस नोंदी भरल्या, मजकुरात साइट-की एकही नाही. यादी कोरी आली. रडकुंडीला आला होता बिचारा.

वाईकर: उद्धरण म्हणा. आमच्या वाईच्या विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'संदर्भ' म्हणून पुस्तकांची यादी असते. पहिला खंड १९७६चा. तो शब्द यादीलाच राहू द्या.

सांगलीकर: उद्धरण म्हणजे दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेणं. इथे फक्त कुणाच्या आधारानं बोलतोय तेवढं सांगायचंय.

सातारी: मग दाखला! वडील म्हणायचे, बोलशील त्याला दाखला दे.

सांगलीकर: आवडला. पण मुलांना दाखला म्हटलं की शाळा सोडल्याचाच आठवतो.

हळदपेठ: माझे आजोबा सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, रकमेच्या शेजारी बारीक अक्षरात 'खा. पा. ४७' असायचं. खातेपान. म्हणजे खतावणीचं, खात्यांच्या वहीचं, सत्तेचाळिसावं पान उघडा, तिथं त्या माणसाचं सगळं खातं. तुमची साइट-की म्हणजे खातेपान आणि बिब फाइल म्हणजे खतावणी. शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचे?

वाईकर: दृष्टान्त उत्तम, पण प्रबंधात पेठेची भाषा नको. कीर्द फारसी, खतावणीतला खत अरबी. संदर्भ मात्र दृभ् धातूपासून, म्हणजे गुंफणं, ओवणं. याहून नेमका शब्द कुठला?

सातारी: शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी पेठेत खतावणीच राहिली ना? साडेतीनशे वर्षं वापरलेला शब्द परका कसा?

वाईकर: वापर आहे म्हणून नेमकेपणा येत नाही.

सातारी: आणि व्युत्पत्ती शुद्ध म्हणून मुलांना कळत नाही. चाळीस नोंदी वाया गेल्या त्या संदर्भ शब्दापायीच.

सांगलीकर: सोमवारी टिपणं छापायला द्यायचीत. साइटेशनला दाखला लिहू का?

हळदपेठ: आमच्या माळ्यावर आजोबांची एक कीर्द आहे अजून. रविवारी काढतो. दुसऱ्या पेढीच्या वहीचा हवाला असला की ते पानाआधी एक खूण करायचे, ती नीट बघून सांगतो.

वाईकर: हवाला तर अरबीच.