पवित्र साक्रामेंताची आराधना : तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ती कशी रुजली? अनुभव लिहा

आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात आराधना असते. पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत (देवळातल्या मुख्य उपासनेत) ख्रिस्ताचं शरीर झालेली भाकर, वेदीवर ठेवून तिच्यासमोर प्रार्थनेत बसायचं. सहा वर्षांपूर्वी सुरू झाली तेव्हा फादर लागोपाठ तीन रविवार मिस्सेनंतर घोषणा करत होते. पहिल्या गुरुवारी देवळात फादर, सॅक्रिस्तन (देवळाची व्यवस्था बघणारा) आणि दोन आज्या. दुसऱ्या गुरुवारीही तेच. मी घोषणा ऐकली होती, मान डोलावली होती आणि घरी येऊन विसरले होते.

मग आमच्या आळीतल्या निवृत्त बाई दारात आल्या. मला चौथीला शिकवायच्या त्या. म्हणाल्या, "गुरुवारी माझ्यासोबत चल. माझ्या शेजारी बस. काही म्हणायचं नाही, काही वाचायचं नाही." बाईंना नाही म्हणता येत नाही, म्हणून गेले. पहिली वीस मिनिटं डोक्यात भिजत घातलेले वाल, मुलाची फी आणि नळाचं पाणी. गुडघे दुखायला लागले म्हणून बसले. मग सहज वेदीकडे बघितलं. मॉन्स्ट्रन्सच्या, म्हणजे साक्रामेंत ठेवायच्या सोनेरी पात्राच्या, मधोमध काचेत ती पवित्र भाकर, मेणबत्ती हलली की काचेवर उजेड हलायचा, भाकर मात्र स्थिर. त्या स्थिरपणाकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. घंटा वाजली तेव्हा सात झाले होते.

त्यानंतर मी माझ्या जावेला घेऊन गेले, जावेने तिच्या शेजारणीला. आता मागची बाकंही भरतात. घोषणेने आमच्याकडे कोणी आलं नाही, कोणीतरी हात धरून आणलं म्हणून आले, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

पण प्रत्येक गावाचं वेगळं असतं. तुम्हाला कोणी आणलं? काय जमलं, काय फसलं? फसलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

नालासोपारा, खाजगी नोकरी

मला संध्याकाळी सहा म्हणजे अशक्य. त्या वेळी मी अंधेरीला फलाटावर असते. आमच्या फादरांनी दोन वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट केली. गुरुवारी देऊळ रात्री साडेनऊपर्यंत उघडं ठेवायचं, बस्स. आठनंतर मॉन्स्ट्रन्स आत जातो, पण टॅबरनॅकलजवळचा (साक्रामेंत आत ठेवायच्या पेटीजवळचा) लाल दिवा असतोच, आणि तो आहे म्हणजे प्रभू आहे. मी स्टेशनवरून थेट येते, पर्स बाकावर ठेवते, दहा मिनिटं बसते. गाडीत दीड तास लोकांच्या कोपरांत उभं राहून आल्यावर रिकाम्या देवळातल्या गार फरशीचा वास काय असतो, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. नोकरी करणाऱ्यांसाठी काही करायचं असेल तर आधी दाराचं कुलूप काढा, एवढंच माझं सर्वांना सांगणं आहे.

वसई, पॅरिश कौन्सिलचा माजी सदस्य

फसलेलं विचारलंत म्हणून लिहितो. हे माझ्याच उत्साहाने फसलं.

धर्मग्रामाच्या सणाआधी अखंड चोवीस तास आराधना ठेवू, असं मी कौन्सिलमध्ये मांडलं. सगळ्यांना आवडलं. रजिस्टर केलं, प्रत्येक विभागाला दोन-दोन तास वाटून दिले. संध्याकाळचे तास भरभरून गेले, लोक मागे उभे होते. रात्री एक ते तीन ज्या विभागाचे, तिथून कोणी आलंच नाही. त्यांचा दोष नव्हता. वाटणी कागदावर झाली होती, माणसांना कोणी विचारलं नव्हतं. पवित्र साक्रामेंत उघडा ठेवला असताना त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आमचा सॅक्रिस्तन, दिवसभर मंडपाची कामं करून थकलेला मुलगा, एकटा बसून राहिला. पहाटे तीनला मी पोहोचलो तेव्हा तो उभ्याने प्रार्थना करत होता. "बसलो तर झोप लागेल म्हणून उभा आहे," म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी आम्ही चोवीस तासांचा हट्ट सोडला. सकाळी सहा ते रात्री दहा. प्रत्येक तासाला विभाग नाही, दोन माणसं, नावानिशी. दोघं अशासाठी की एकाला ताप आला, पाहुणे आले, तरी दुसरा असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा. वहीत माझ्याच अक्षरात एका तासासमोर फक्त "मी आणि बायको" असं लिहिलंय. तिसऱ्या वर्षी लोकच म्हणाले, रात्रही घेऊ. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी पहाटेचे तास मागून घेतले, कारण ती तशीही जागीच असतात. तो विचार कौन्सिलमध्ये बसून मला सुचला नसता.

गिरीज, वय सत्तरच्या पुढे

1964 साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, म्हणजे पवित्र साक्रामेंताच्या भक्तीसाठी कॅथलिकांचा मेळावा, भरली होती. पोप पॉल सहावे आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वडिलांनी मला आणि थोरल्या भावाला ओव्हल मैदानावर नेलं. एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला वेदी दिसत नव्हती, वडिलांनी खांद्यावर घेतलं. नंतर सगळी गर्दी एकदम गुडघ्यावर बसली, वडीलही बसले आणि मी खांद्यावरून मातीत उतरलो. काय चाललंय ते कळलं नाही. पण बोलत असलेली हजारो माणसं एका क्षणात गप्प झाली, ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

वडील वाडीवाले, शिक्षण तिसरी. त्यांनी मला आराधनेवर कधी प्रवचन दिलं नाही. भाजीची टोपली घेऊन देवळासमोरून जाताना ते टोपली खाली ठेवून, दारातूनच एक गुडघा टेकवून पुढे जात. घाई असली तरी. आजही मी दारातून गेलो की गुडघा आपोआप वाकतो. आता तो वाकल्यावर सरळ व्हायला वेळ घेतो, पण वाकतो.

विरार, दोन लहान मुलांची आई

धाकट्याला घेऊन आराधनेला गेले होते. तो रडला. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी वळून असं बघितलं की मी उठून बाहेर आले आणि वर्षभर गेले नाही. हे कटुतेने लिहीत नाही. पण आयांना आराधनेला बोलावता ना, मग रडणारं मूलही सोबत येणार, हे आधी ठरवा.

नंतर धर्मशिक्षणाच्या एका सिस्टरांनी महिन्यातून एकदा मुलांसाठी पंधरा मिनिटांची आराधना सुरू केली. पंधराच. मुलं वेदीच्या पायरीजवळ खाली बसतात. सिस्टर म्हणतात, आज ज्याच्याशी भांडलात त्याचं नाव मनात येशूला सांगा. मग तीन मिनिटं काहीच नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, चाळीस मुलं तीन मिनिटं गप्प बसतात. थोरली घरी येऊन म्हणाली, "मी तुझं नाव सांगितलं." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी तिला ओरडले होते, तेही विनाकारण.

श्रीरामपूर भाग, जिल्हा अहिल्यानगर

तुमच्या वसईसारखं आमचं नाही. आमच्या वस्तीवर एक खोलीचं प्रार्थनाघर आहे. फादर महिन्यातून एकदा मिस्साला येतात. पवित्र साक्रामेंत तिथं ठेवलेला नसतो, त्यामुळं आराधना करायची म्हणली की मुख्य देवळात जावं लागतं, अकरा किलोमीटर. त्यातून आमची निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्यात परत.

तरी आमच्या मास्तरांनी, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तरांनी, एक केलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक टेम्पो. डिझेलचे पैसे वर्गणीतून. म्हाताऱ्या पुढं, पोरं मागं. देवळात चपला बाहेर काढून सगळे सतरंजीवर बसतात. आम्हाला तासभर गप्प बसायची सवय नाही, आमची भक्ती भजनाची. पेटी, ढोलकी, टाळ. सुरुवातीला फादर म्हणाले, अर्धा तास भजन म्हणा, मग थांबा. भजन थांबल्यावर जी शांतता होते ती भजनाच्या पोटातनं आलेली असते, ती जड जात नाही. माझी आई म्हणायची, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला आपण माउलीकडं मागायला जातो, हितं तिच्या लेकाजवळ, येशूजवळ, नुसतं बसायला येतो.

पुणे, सामाजिक कार्यकर्ता

मनातली एक खंत लिहितो. मी कॅथलिक आहे, मिस्सा चुकवत नाही. पण देवळापासून दोन गल्ल्यांवर पाणी नसलेली वस्ती आहे आणि आपण आत सोनेरी पात्रासमोर तासभर बसतो, हे मला खटकतं. उत्तर हवंय म्हणून विचारतोय, भांडण करायचं नाही.

धागाकर्ती

तुमचा प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. मला जे ठाऊक आहे ते सांगते. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीमध्ये 1973 पासून रोज एक तास आराधना होते. त्याआधी आठवड्यातून एकदा व्हायची. रस्त्यावरचे मरणोन्मुख उचलून आणणाऱ्या बायका, कामाचा डोंगर समोर असताना, रोजच्या दिवसातला एक तास काढून गुडघ्यावर बसतात. त्यांचं काम त्यामुळे थांबलं नाही, वाढलं. आणि तुमची खंत घेऊनच आमच्या गटाने मागच्या लेंतपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून) आराधनेनंतरचा अर्धा तास अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला ठेवलाय. सुरुवातीला दोन घरं होती. तुम्ही त्या तासाला पाणी नसलेली वस्तीच मनात घेऊन बसून बघा, एवढी विनंती.

पापडी, गायनवृंदात

भजनाच्या प्रतिसादावरून आठवलं. आम्ही तरुणांसाठी आराधना ठेवली आणि साठ मिनिटं भरून टाकली. गिटार, कीबोर्ड, दोन साक्षी, तीन चिंतनं, स्क्रीनवर चित्रं. मुलं आली, छान वाटलं म्हणाली. बाहेर पडताना एकाने विचारलं, "दादा, येशूशी बोलायला वेळ कधी होता?" मी गप्प.

आता आम्ही सुरुवातीला एक गीत, मधे एक वचन, शेवटी आशीर्वादाचं लॅटिन गीत म्हणतो. ते संत थॉमस अक्वायनस यांचं, तेराव्या शतकातलं, ख्रिस्तशरीराचा सण 1264 साली सर्व ख्रिस्तसभेला लागू झाला त्या काळातलं. अर्थ आधी मराठीत सांगतो. बाकी चाळीस मिनिटं माइक बंद. पहिल्या वेळी चाळिसातली दहा मिनिटं खोकण्यात गेली. हळूहळू खोकला कमी होतो.

परिचारिका, मुंबई

रात्रपाळी. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

2021 च्या उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात काय चाललं होतं ते लिहीत नाही. देवळं बंद होती. पुढे उघडली तेव्हा एका पहिल्या शुक्रवारी सकाळी ड्युटी संपवून मी गेले. प्रार्थना करायला नव्हते गेले, रागावायला गेले होते. समोर बसले आणि मनात एकेक खाटेचा नंबर म्हणत गेले. चार, सात, अकरा, अकरावर परत दुसरा. नावं आठवत नव्हती याचा जास्त राग आला. मग झोप लागली. बसल्या जागी, डोकं पुढच्या बाकावर.

उठले तेव्हा अंगावर कोणाचीतरी शाल होती. मागे एक वृद्ध सिस्टर बसल्या होत्या. मी माफी मागायला लागले. त्या म्हणाल्या, लिझ्यूची संत तेरेजा पण प्रार्थनेत झोपायची, आईबापांना झोपलेलं लेकरूही तेवढंच लाडकं असतं असं ती लिहून गेलीय. मी शाल परत करायला लागले तर म्हणाल्या, राहू दे, पुढच्या शुक्रवारी आण.

शाल परत करायची म्हणून गेले. तेव्हापासून जातेय.

वेदीसेवक, दहावी

मी धूपदान धरतो. कोळशाची वडी आधी पाच मिनिटं पेटवून ठेवावी लागते, नाहीतर फादर धूप घालतात आणि धूरच येत नाही. माझं एकदा तसं झालंय. आशीर्वादाच्या वेळी फादर खांद्यावरच्या रुंद वस्त्राने हात झाकून मॉन्स्ट्रन्स का धरतात ते मी विचारलं. फादर म्हणाले, आशीर्वाद माझ्या हाताचा नाही, त्याचा आहे, म्हणून माझे हात दिसायला नकोत. मला ते खूप आवडलं. आमच्या वर्गाला संत कार्लो अक्युटिस माहीत आहे, पंधराव्या वर्षी वारला, 2025 मध्ये संत झाला, कॉम्प्युटर यायचा आणि रोज साक्रामेंतासमोर बसायचा. मी रोज नाही बसत. गुरुवारी बसतो.

एक धर्मगुरू

ज्यांच्याकडे फादर कमी आहेत त्यांच्यासाठी : विशेष परिस्थितीत, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) नसताना, बिशपांच्या नियमांनुसार नेमलेला प्रापंचिक ख्रिस्तप्रसाद-सेवक (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद वाटायला मदत करणारा) आराधनेसाठी पवित्र साक्रामेंत बाहेर ठेवू शकतो आणि पुन्हा आत ठेवू शकतो. आशीर्वाद मात्र धर्मगुरू किंवा डीकननेच द्यायचा. म्हणून फादर गावात नाहीत एवढ्यावरून तास रद्द करण्याआधी तुमच्या फादरांशी बोला. आणि आम्हा फादरांना एक सांगणं, यात मीही आलो : लोकांना तास देऊन आपण ऑफिसात जाऊन बसू नये. मी पहिलं वर्ष तेच केलं. मी स्वतः बाकावर बसायला लागलो तेव्हा लोक वाढले.

नालासोपारा, खाजगी नोकरी

नर्सताईंचं वाचून गाडीतच डोळे भरले. ताई, तुम्ही कुठल्या बाजूला राहता?

परिचारिका, मुंबई

बोरिवली. पण आई नालासोपाऱ्याला असते, सुट्टीच्या गुरुवारी तिथेच येते.

नालासोपारा, खाजगी नोकरी

मग या गुरुवारी साडेआठला. डावीकडची रांग, पंख्याखालचा बाक. मी पर्स ठेवून जागा धरते.