हाय-ऑर्डर एफईएम लायब्ररी: पी (पॉलिनॉमियलची डिग्री) वाढवला की मेमरी संपते, डिझाइन कुठे चुकतंय?

मेशकर:
नमस्कार मंडळी, पीएचडीसाठी सी प्लस प्लसमध्ये स्वतःची फायनाइट एलिमेंट (एफईएम, म्हणजे आकाराचे छोटे तुकडे, एलिमेंट, करून समीकरण सोडवायची पद्धत) लायब्ररी लिहितोय, थ्रीडी पॉयसन समीकरण, हेक्स (विटेसारखे सहा फेसचे) एलिमेंट. प्रत्येक एलिमेंटची मॅट्रिक्स काढतो, एका मोठ्या ग्लोबल मॅट्रिक्समध्ये जोडतो, समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरला देतो. पी=२ पर्यंत सगळं मस्त, पण पी=८ ला दहा हजार एलिमेंट घेतले की ३२ जीबीचं मशीन बसतंच. दुसरं म्हणजे पी=३ ला एलिमेंटचा साइझ अर्धा केला की एरर १६ पटीने कमी व्हायला हवी, ती सरळ घनाच्या मेशवर (एलिमेंटच्या जाळीवर) होते पण जीमेश या मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅममधून आणलेल्या मेशवर होत नाही. दोन आठवडे शोधतोय, कृपया सांगा.

रात्रपाळी:
मेमरीचं बोलतो. पी=८ ला एका एलिमेंटवर ९×९×९ म्हणजे ७२९ अननोन, म्हणजे मॅट्रिक्समध्ये ५,३१,४४१ आकडे, डबलमध्ये सव्वाचार एमबी, तेही एकाच एलिमेंटचे! मॅट्रिक्स साठवूच नकोस. क्वाड्रेचर पॉइंटवर (इंटिग्रलसाठी जिथे किंमत काढतो तिथे) मटेरियल आणि जॅकोबियन (एलिमेंट किती ताणला-वळला ते सांगणारा) मिळून सहा आकडे ठेव, ७२९ पॉइंट धरले तरी ३५ केबीच्या आसपास भागतं, आणि सॉल्व्हरला फक्त "व्हेक्टर दे, गुणून परत देतो" एवढं फंक्शन दे. गुणताना सम फॅक्टरायझेशन वापर, म्हणजे एक्स, वाय, झेड एकेक दिशेने ९×९ ची छोटी मॅट्रिक्स लावायची, इंटरपोलेशनचे (किंमती पॉइंटवर आणायचे) ५,३१,४४१ गुणाकार १९,६८३ वर येतात, बरोब्बर २७ पट कमी. एमफेम, डील टू, लिबसीड या तयार लायब्ऱ्या हाय-ऑर्डरसाठी हेच वापरतात. हे नंतर घुसवता येत नाही रे, असेंब्लीवर (मॅट्रिक्स जोडण्यावर) उभा केलेला इंटरफेस मुळापासून उचकटावा लागतो, मी ते केलंय आणि अख्खा पावसाळा गेला त्यात.

तापीकाठ:
पी=३ चं दुखणं ओरिएंटेशनचं वाटतंय. पी=२ ला कडेवर मधे एकच नोड (अननोन बसतो तो बिंदू) असतो, उलटा वाचला तरी तोच, म्हणून चूक लपते. पी=३ ला दोन येतात आणि शेजारचा एलिमेंट तीच कड उलट दिशेने वाचत असेल तर अदलाबदल होते. चौकोनी फेसच्या तर ८ तऱ्हा होतात. सरळ मेशवर सगळ्या कडा एकाच दिशेला, तिथे कसं दिसणार? दोनच एलिमेंट घे, एक फिरवून ठेव आणि आठही तऱ्हांची टेस्ट लिही. ही टेस्ट रोज चालली पाहिजे.

मेशकर:
तापीकाठ, तेच होतं!! कडेच्या ज्या टोकाचा ग्लोबल नंबर लहान, त्या टोकाकडून नोड मोजायला लावले, फेसचंही तसंच केलं, आता एरर १५.८ पट खाली येतेय. मॅट्रिक्स-फ्रीला (मॅट्रिक्स न साठवता गुणायच्या पद्धतीला) हात घालतोय, पण मग मल्टिग्रिडला (बारीक-जाड पातळ्यांवर आळीपाळीने सोडवणाऱ्या पद्धतीला) मॅट्रिक्स कुठून द्यायची?

रात्रपाळी:
नोड गॉस-लोबाटोवर (टोकं धरून ठरलेल्या क्वाड्रेचर पॉइंटवर) ठेवलेत ना? त्याच नोडना जोडून पी=१ ची बारीक मेश कर, तिची मॅट्रिक्स विरळ असते, अल्जेब्राइक मल्टिग्रिड (ज्याला फक्त मॅट्रिक्स लागते) तिच्यावर चालव आणि सॉल्व्हरला प्रीकंडिशनर (लवकर उत्तराला पोचवणारी मदत) म्हणून दे. एमफेममध्ये हे तयार आहे, त्याचा कोड आधी नीट वाच, मग स्वतःचा लिहायला घे.