सुरतेचे फिरंगी मकबरे: गोव्यातून मुद्दाम बघण्याजोगे? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मांडवीकाठ
अहमदाबादेकडे निघालेल्या गोंयकाराने अर्धा दिवस सुरतेला उतरावं, असं माझं स्पष्ट मत. मडगावहून वसईमार्गे थेट गाड्या आहेत. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांचं कबरस्तान, जवळच गुलाम फळियात डचांचं. दोन्ही एका सकाळीत होतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार धरून बसलेला जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ मध्ये वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्येच गेला होता. दोघेही एकाच दुमजली, घुमटाच्या इमारतीत आहेत. डचांकडे त्यांच्या कंपनीचा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याचा (मृत्यू १६९१) अष्टकोनी मकबरा आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ याने करवून घेतला. त्याला मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट कोचीच्या कोंकणी समाजातले, म्हणजे पूर्वज आपल्याच मुलखातले.

चिराचुना
मुद्दाम कशाला? ते मकबरे म्हणजे इंग्रज आणि डच या दोन व्यापारी कंपन्यांची चढाओढ. मोगल सरदारांसमोर आपलं वजन दिसावं म्हणून मेलेल्या साहेबांवर घुमट चढवले. गुजराती कारागिरीच हवी असेल तर जुन्या गोव्यातल्या रोझरी चर्चमध्ये गव्हर्नर गार्सिया द सा याच्या बायकोची, दोना कातारिना हिची संगमरवरी कबर पाहा. नक्षी गुजराती वळणाची आहे. खाली बॉम जेझू चर्चमध्ये फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने घडवलेली, १६९८ मध्ये पुरी झालेली सेंट झेवियरची समाधी आहे. सुरतेसाठी रात्रभर गाडीत कोण बसणार? सुरतेला लोक घुमटाचा फोटो काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर येतात.

मांडवीकाठ
दहा मिनिटांत बाहेर येतात, कारण दगड वाचत नाहीत. ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख वखारीच्या खतावणीच्या भाषेत लिहिला आहे: याला हिशेबात वर्षं नाही, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला, मालकांनो, तुमचा नोकर गेला, आमचा सोबती, त्याचा जीव. नफ्याच्या बाजूला मात्र तो ‘मरण हाच लाभ’ असं लिहू शकतो! असा मृत्युलेख जुन्या गोव्यात दाखवा.

तिरपा उजेड
वाचायचं तर पद्धत हवी. सूर्य डोक्यावर असताना झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, म्हणजे खाचेत सावली पडते. मग चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. खडू, पीठ, तेल, पाणी काही लावू नका. ओल आत गेली की क्षार विरघळतात आणि सुकताना पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो. तारखांत फसू नका: इंग्रजांचं वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीत गेलेल्याच्या दगडावर आपल्या हिशेबाने एक वर्ष आधीचा आकडा असू शकतो. शिवाय सतराव्या शतकात इंग्रजी तारीख डचांच्या तारखेच्या १० दिवस मागे चालायची.

फोंड्याची वाट
वाचून झाल्यावर वर चढायचा मोह आवरा. विटांचं काम चुन्यात आहे. सांध्यात पिंपळ धरला की मूळ विटा फाकवतं. उपटू मात्र नये, मुळासोबत विटा निघतात. फांदी छाटून मूळ जागीच मारावं लागतं. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि शेजारचा चुना सुटतो. आपल्याकडे जुन्या घरांच्या चिऱ्याचं हेच होतं.

चिराचुना
भाई, हीच तर माझी तक्रार. नेपोलियनच्या काळात गोव्यात इंग्रजी फौज होती, तिच्या माणसांच्या कबरी दोना पावलाला राजभवनाजवळ आहेत. बॅटरी घेऊन तिथे किती जण गेले? व्हान रेडेसाठी सुरत मान्य. ऑक्झिंडेनसाठी नाही. आणि पावसाळी वेळापत्रकात तर नकोच, कोकण रेल्वेची गाडी तेव्हा रखडत जाते.